रंग हाताने भरायचा नाही : सोसायटीच्या थकबाकी अहवालाचा एक्सेल साचा

गृहनिर्माण सोसायट्यांत दर महिन्याला थकबाकीची यादी निघते, आणि बहुतेक ठिकाणी ती मागच्या महिन्याच्या फाइलची कॉपी करून निघते. आकडे बदलले जातात, रंग तसेच राहतात. ऑगस्टमध्ये पैसे भरून मोकळा झालेला सभासद ऑक्टोबरच्या यादीतही लाल दिसतो, कारण तो लाल रंग कुणीतरी बादलीच्या चिन्हावर क्लिक करून भरलेला असतो. हाताने भरलेल्या रंगाला आकडा बदलल्याचं कळत नाही. म्हणून साच्याचा पाया एकच ठेवायचा: नोंदी एका जागी, हिशेब दुसऱ्या जागी, आणि अहवालातली प्रत्येक रेघ, रंग, शीर्षक त्या हिशेबातून आपोआप आलेलं. महिन्याला बदलायची ती फक्त तारीख.

खालची रचना मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२१ साठी आहे, कारण अहवालाचं पान फिल्टर या फंक्शनवर उभं आहे आणि ते २०१९ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत नाही. सूत्रांतली फंक्शनं आणि सेलचे पत्ते इथे देवनागरीत लिहिले आहेत. एक्सेलमध्ये ते इंग्रजीतच टाइप करायचे. टेबलांची आणि सेलची नावंही रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या. रकान्यांची शीर्षकं मात्र खुशाल मराठीत ठेवा, चौकटी कंसात ती नीट चालतात.

चार पानं

फाइलमध्ये चार शीट्स घ्या: नोंद, घर, निकष, अहवाल.

नोंद या शीटवर फक्त व्यवहार. रकाने असे: दिनांक, सदनिका, प्रकार, शीर्ष (रक्कम कशापोटी ते), रक्कम, संदर्भ. एका ओळीत एकच व्यवहार, आणि रक्कम कायम धन. ती वाढवायची की वजा करायची हे प्रकार ठरवतो, आणि प्रकार दोनच: आकारणी किंवा जमा. महिन्यांचे बारा रकाने आडवे काढून त्यांत रकमा भरायची सवय असेल तर ती इथे मोडावी लागेल. तो तक्ता डोळ्यांना सोयीचा असतो, पण त्यावरून ‘गेल्या ९० दिवसांत किती आकारलं’ हे विचारता येत नाही. ओळींची चिंता नको. ६४ सदनिका, दरमहा पाच शीर्षं आणि एक पावती धरली तरी वर्षाला ४,६०८ ओळी होतात. एका शीटवर दहा लाखांहून जास्त मावतात.

डेटावर क्लिक करून कंट्रोल + टी दाबा, शीर्षकांच्या चौकोनात खूण ठेवा, आणि टेबल डिझाइनमध्ये टेबलाला नाव द्या. इथे त्याला नोंद म्हणू. आता खाली नवी ओळ टाकली की टेबल स्वतःहून वाढतं आणि त्यावर बेतलेली सूत्रंही वाढतात. प्रकार आणि सदनिका या रकान्यांना डेटा व्हॅलिडेशनची (ठरलेलेच पर्याय टाइप करू देणारी) यादी लावा. पण पेस्ट केलेल्या मजकुराला व्हॅलिडेशन अडवत नाही, म्हणून शेवटी परिणाम नावाचा आणखी एक रकाना हवा:

=इफ([@प्रकार]="आकारणी",[@रक्कम],इफ([@प्रकार]="जमा",-[@रक्कम],एनए()))

‘जमा’ ऐवजी कुणी ‘जम’ लिहिलं, तर हा रकाना मुद्दाम चूक दाखवतो आणि पुढची बेरीजही बिघडवतो. हे चांगलंच आहे. चुकीची रक्कम गुपचूप छापली जाण्यापेक्षा अहवाल अडकलेला बरा.

वर्षारंभीची बाकीही नोंदच समजा. ३१ मार्चच्या तारखेने, शीर्ष ‘आरंभीची बाकी’. आगाऊ पैसे असतील तर तीच ओळ जमा म्हणून.

निकष शीटवर पाच सेल, आणि प्रत्येकाला नाव: अहवालदिन, महिनारंभ, जुनेदिवस (किती दिवसांनंतर बाकी जुनी धरायची), नोटीसरक्कम (जुनी बाकी किती झाली की नोटीस), किमानबाकी (यादीत येण्यासाठी कमीत कमी बाकी). महिनारंभाचं सूत्र =इओमंथ(अहवालदिन,-1)+1. अहवालदिनात टुडे हे फंक्शन घालायचा मोह टाळा. ३१ तारखेचा अहवाल समितीच्या सभेत १२ तारखेला उघडला की त्यातले आकडे बदललेले असतील, आणि मग छापील प्रत खरी की पडद्यावरची, यावरच सभा संपेल.

हिशेब घराच्या ओळीत

घर हे दुसरं टेबल, प्रत्येक सदनिकेला एक ओळ. रकाने याच क्रमाने लावा: विंग, सदनिका, मागील, आकारणी, जमा, अखेर, जुनी, शेरा. सभासदाचं नाव, फोन वगैरे त्यांच्या उजवीकडे. क्रम महत्त्वाचा, कारण विंगपासून शेऱ्यापर्यंतचा सलग पट्टा अहवालात उचलला जाणार आहे. ओळी ज्या क्रमाने अहवालात हव्यात त्याच क्रमाने इथे लिहा. एक्सेलवर सोपवलं तर ‘ए-१००१’ हे ‘ए-१०१’च्या आधी बसतं, कारण ते आकडे नसून अक्षरं आहेत.

मागील:
=राउंड(समइफ्स(नोंद[परिणाम],नोंद[सदनिका],[@सदनिका],नोंद[दिनांक],"<"&महिनारंभ),2)

आकारणी:
=समइफ्स(नोंद[रक्कम],नोंद[सदनिका],[@सदनिका],नोंद[प्रकार],"आकारणी",नोंद[दिनांक],">="&महिनारंभ,नोंद[दिनांक],"<="&अहवालदिन)

जमा हा रकाना तसाच, फक्त प्रकार बदलून. अखेर:
=राउंड([@मागील]+[@आकारणी]-[@जमा],2)

राउंड शोभेसाठी नाही. पैशांच्या बेरीज-वजाबाकीतून कधी कधी शून्याऐवजी ०.००००००००१ सारखा कण उरतो. पडद्यावर तो ० दिसतो, पण ‘शून्यापेक्षा जास्त’ या नियमात बसतो, आणि पूर्ण पैसे भरलेला सभासद थकबाकीदार म्हणून रंगतो.

जुनी म्हणजे ठरावीक दिवसांपेक्षा जुनी बाकी. इथे बरेच जण प्रत्येक बिल आणि प्रत्येक पावती यांची जोडी लावत बसतात. त्याची गरज नाही. आलेले पैसे सर्वांत जुन्या बिलापोटी आधी वळते होतात असं धरलं, तर न भरलेलं जे उरतं ते नेहमी अलीकडचंच असतं. म्हणून अखेर बाकीतून गेल्या ९० दिवसांची आकारणी वजा करायची. उरलं तर ते त्याहून जुनं:

=मॅक्स(0,[@अखेर]-समइफ्स(नोंद[रक्कम],नोंद[सदनिका],[@सदनिका],नोंद[प्रकार],"आकारणी",नोंद[दिनांक],">"&अहवालदिन-जुनेदिवस,नोंद[दिनांक],"<="&अहवालदिन))

दरमहा १ तारखेला ३,००० रुपयांचं बिल, आणि ३१ ऑक्टोबरला बाकी १४,०००. ९० दिवस मागे गेलं की २ ऑगस्ट येतो. म्हणजे १ ऑगस्टचं बिल ९१ दिवसांचं झालं, ते खिडकीबाहेर. आत फक्त सप्टेंबर आणि ऑक्टोबर, ६,००० रुपये. जुनी बाकी ८,०००. ‘तीन महिने’ म्हणजे ९० दिवस असं समितीने गृहीत धरलं असेल, तर हा एका दिवसाचा फरक आधीच दाखवून द्या आणि जुनेदिवस ९० ठेवायचे की ९२, हे ठरवून घ्या.

व्याज अहवालात काढू नका. ते आकारणीची स्वतंत्र नोंद म्हणून, शीर्ष ‘व्याज’ असं लिहून येऊ द्या. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) व्याजाची कमाल मर्यादा दरसाल २१ टक्के होती, तीही सरळ व्याजाची. अखेर बाकीवर सरसकट टक्के लावले की मागच्या व्याजावरही व्याज बसतं आणि सरळ व्याज नकळत चक्रवाढ होतं. शीर्ष वेगळं असलं की मुद्दल वेगळी काढता येते.

शेरा:
=इफ्स([@जुनी]>=नोटीसरक्कम,"● नोटीस",[@अखेर]>0,"बाकी",[@अखेर]<0,"आगाऊ",ट्रू,"पूर्ण")

नोटीसरक्कम रिकामी सोडू नका. ती शून्य धरली जाते आणि सगळ्या इमारतीला नोटीस लागते.

अहवालाचं पान

पहिल्या ओळीत शीर्षक, दुसरीत तारीख, तिसरीत पडताळणी, चौथीत एकूण बेरीज, सहावीत रकान्यांची नावं. सातव्या ओळीच्या पहिल्या सेलमध्ये एकच सूत्र:

=फिल्टर(घर[[विंग]:[शेरा]],घर[अखेर]>=किमानबाकी,"बाकी नाही")

बस. यादी खाली आणि उजवीकडे आपोआप पसरते. किमानबाकी १ ठेवली की फक्त थकबाकीदार दिसतात, उणे एक कोटी ठेवली की अख्खी इमारत.

बेरीज वर घेतली आहे ती याच कारणाने. यादी या महिन्यात १७ ओळींची असेल, पुढच्या महिन्यात ३१. खाली बेरीज लिहिली तर वाढत्या यादीच्या वाटेत ती येते आणि एक्सेल ‘स्पिल’ची चूक दाखवून पूर्ण यादीच गायब करतं. बेरजेचं सूत्र पडद्यावरच्या ओळींवर न बांधता टेबलावर बांधा: =समइफ्स(घर[अखेर],घर[अखेर],">="&किमानबाकी). स्पिलच्या चुकीचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे मर्ज केलेले सेल. शीर्षक मधोमध हवं तर मर्ज न करता फॉरमॅट सेल्स, अलाइनमेंट, सेंटर अक्रॉस सिलेक्शन वापरा. दिसायला तेच, त्रास शून्य.

शीर्षकातला महिना मराठीत हवा असेल तर टेक्स्ट या फंक्शनच्या फॉरमॅटमध्ये आधी चौकटी कंसात डॉलर, वजा, 44 आणि इंग्रजी ई लिहा, मग चार वेळा एम. हा मराठीचा संकेत आहे, ‘ऑक्टोबर’ असं येतं. हिंदीचा 439 टाकला तर जानेवारीला ‘जनवरी’ होते. आकडे देवनागरी हवे असतील तर सेलला [$-4000439]0 हा फॉरमॅट द्या. मात्र टेक्स्ट फंक्शनमधून काढलेला आकडा अक्षर होतो, त्याची बेरीज होत नाही. रकमेच्या रकान्यांवर ते वापरू नका.

नियम

पसरलेल्या यादीबरोबर सेलचं रूप पसरत नाही. सतराव्या ओळीपर्यंत चौकटी आखल्या तर अठरावी ओळ उघडी राहते, आणि यादी आखडली की रिकाम्या चौकटी मागे उरतात. म्हणून ए7 पासून एच206 पर्यंत, म्हणजे २०० ओळी निवडून, होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, यूज अ फॉर्म्युला, या वाटेने नियम लावा. निवड करताना सुरुवात ए7 पासूनच करा. सूत्रातला पत्ता त्या वेळी चालू असलेल्या सेलच्या संदर्भाने वाचला जातो. खालून वर निवडलं तर नियम दोनशे ओळी सरकून बसतो, आणि रंग येतात पण भलत्याच घरांवर.

रेघेसाठी: =$ए7<>"" आणि खालची बारीक बॉर्डर. विंग बदलली की वर गडद रेघ: =अँड($ए7<>"",$ए7<>$ए6). इथल्या नियमांना जाड बॉर्डर मिळत नाही. फाँट, अक्षराचा आकार, ओळीची उंची यांनाही हे नियम हात लावू शकत नाहीत, तेव्हा ते आधीच पक्कं करा.

नोटिशीच्या ओळीसाठी:
=अँड(इजनंबर($जी7),$जी7>=नोटीसरक्कम)

डॉलरचं चिन्ह अक्षरापुढे, आकड्यापुढे नाही. डॉलर अजिबात नसेल तर प्रत्येक सेल आपल्याच उजवीकडचा सेल तपासत जातो आणि ओळीऐवजी ठिपके रंगतात. दोन्हीकडे असेल तर सातव्या ओळीवरून सगळी यादी रंगते किंवा कोरी राहते. इजनंबर हवंच, कारण एक्सेलच्या तुलनेत कुठलंही अक्षर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं ठरतं. त्या रकान्यात चुकून एखादा शब्द किंवा नुसती मोकळी जागा आली तरी ओळ लाल होईल.

आगाऊ रकमेसाठी =$एफ7<0, अक्षर निळं. इथे थांबा. तीनपेक्षा जास्त रंग वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत. नोटिशीला गडद लालऐवजी फिकट केशरी घ्या, आरजीबी २५२, २२८, २१४. सूचनाफलकावर लागते ती झेरॉक्स, आणि झेरॉक्समध्ये लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे होतात. शेऱ्यात ‘●’ आणि शब्द ठेवला आहे तो त्यासाठीच.

यादीत वरचा नियम आधी लागतो. दोन नियम एकाच सेलचा रंग ठरवत असतील तर वरचा जिंकतो, खालचा भाग सोडून द्यायचा असेल तर ‘स्टॉप इफ ट्रू’ची खूण करा. नियमाच्या सूत्रात नोंद[रक्कम] असा टेबलाचा थेट उल्लेख एक्सेल स्वीकारत नाही, नाव दिलेला सेल चालतो. निकषांना नावं दिली त्याचा हा एक फायदा.

डेटा बार (सेलमध्ये रकमेच्या प्रमाणात भरणाऱ्या पट्ट्या) लावायचे झाले तर कमाल मर्यादा ऑटोमॅटिक ठेवू नका. एका सदनिकेची बाकी ६ लाख आणि बाकीच्यांची ८-१० हजार असली की एक पट्टी भरलेली आणि बाकी सगळ्या केसाएवढ्या दिसतात. कमाल पर्सेंटाइल ९० ठेवली की मधली माणसंही दिसू लागतात.

लाख-कोटींचे स्वल्पविराम

विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) असेल तर साधा #,##0 हा फॉरमॅटही १२,३४,५६७ असं दाखवतो. पण फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की १,२३४,५६७ होतं, कारण ही सोय फाइलमध्ये नसून संगणकात असते. फाइलमध्येच हवी तर रकमेच्या रकान्यांना हा फॉरमॅट द्या:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

याला दोनच अटी बसतात. त्यामुळे उणे आकडा तिसऱ्या भागात जातो आणि –१,५०,००० ऐवजी –१५०,००० दिसतो. तोडगा कंडिशनल फॉरमॅटिंगमध्येच आहे, ते रंगाबरोबर नंबर फॉरमॅटही बदलू शकतं. सी7 पासून जी206 निवडून =अँड(इजनंबर(सी7),सी7<=-100000) असा नियम करा, यावेळी डॉलरशिवाय, आणि नंबरच्या टॅबमध्ये ##\,##\,##0 द्या. वजाचं चिन्ह आपोआप येतं. आणखी एक बारीक खोड: ९९,९९९.६० ही रक्कम लाखापेक्षा कमी म्हणून तिसऱ्या भागात जाते, मग पूर्णांक होऊन १००,००० दिसते. रकमा आधीच पूर्ण रुपयांत घेतल्या तर हा प्रश्नच येत नाही.

दोन पडताळण्या, एक पुरत नाही

तिसऱ्या ओळीत पहिली:
=राउंड(समइफ्स(नोंद[परिणाम],नोंद[दिनांक],"<="&अहवालदिन)-सम(घर[अखेर]),2)

हे शून्य नसेल तर कुठली तरी नोंद कुठल्याच घराला लागलेली नाही. बहुतेकदा सदनिका क्रमांकामागे मोकळी जागा असते. ट्रिम ती काढतं, पण वेबपानावरून कॉपी केलेली, न तुटणारी जागा काढत नाही. ती सब्स्टिट्यूट आणि कॅर(160) ने काढावी लागते. डोळ्यांना दिसत नसेल तर लेन फंक्शनने अक्षरं मोजा. बँकेत नुसतीच रक्कम आली आणि कोणाची ते कळत नसेल, तर ती नोंद बाहेर ठेवू नका. घर टेबलात ‘सस्पेन्स’ नावाची ओळ घालून तिथे टाका, बँकेशी मेळ राहतो.

दुसरी पडताळणी:
=काउंटए(नोंद[दिनांक])-काउंट(नोंद[दिनांक])

ही विसरली जाते आणि तीच जास्त घातक. तारीख अक्षर म्हणून आली असेल तर समइफ्स ती दोन्ही बाजूंना वगळतं, म्हणून पहिली पडताळणी शून्यच दाखवते आणि पावती मात्र गायब असते. बँकेची फाइल उघडताना हे हमखास होतं. संगणक महिना-दिवस या क्रमावर असेल तर ०५-१०-२०२५ चा १० मे होतो, आणि २५-१०-२०२५ मध्ये पंचविसावा महिना नसल्याने ती अक्षरच राहते. म्हणजे १२ तारखेपर्यंतच्या तारखा चुकीच्या, पुढच्या निकामी. दुसऱ्या पडताळणीत निकामी सापडतात, आणि त्या सापडल्या की चुकीच्याही असणार हे ओळखा. एकेक दुरुस्त करत बसू नका, फाइल परत घ्या: डेटा, फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, फाइल ओरिजिन 65001, ट्रान्सफॉर्म डेटा, आणि तारखेच्या रकान्याला युजिंग लोकेलमधून इंग्लिश (इंडिया). हा 65001 मराठी अक्षरांसाठीही लागतो. डबल क्लिक करून उघडलेल्या सीएसव्हीत नावांचा अनेकदा काला होतो.

सदनिकेचा रकाना मात्र टेक्स्ट ठेवा. ‘३/४’ असा क्रमांक साध्या रकान्यात इंग्रजी आकड्यांत टाकला की त्याची तारीख होते. आणि १०१ हे एका टेबलात आकडा, दुसऱ्यात अक्षर असेल तर समइफ्स दोन्ही एकच मानतं, पण टेबलातून सभासदाचं नाव शोधून आणणारं एक्सलुकअप मानत नाही. बाकी बरोबर येते, नाव सापडत नाही, आणि माणूस भलत्याच ठिकाणी चूक शोधत राहतो.

दोन्ही पडताळणी सेलना शून्य नसल्यास लाल असा नियम द्या.

छपाई आणि जपणूक

पेज लेआउटमध्ये प्रिंट टायटल्समध्ये सहावी ओळ द्या, म्हणजे दुसऱ्या पानावरही रकान्यांची नावं येतात. रुंदी एक पान, उंची ऑटोमॅटिक. ए4 उभं पुरतं. प्रिंट एरिया ठरवून ठेवू नका, यादी वाढली की शेवटची घरं कागदावरून गळतात.

नियम बिघडतात ते कॉपी-पेस्टने. एका ओळीचं रूप दुसरीवर चिकटवलं की एका नियमाचे दोन तुकडे होतात, वर्षभरात चाळीस. म्हणून अहवालाचं पान रिव्ह्यू, प्रोटेक्ट शीटने बंद करा. नोंद शीट बंद करू नका, संरक्षित शीटवर टेबल आपोआप वाढत नाही. तिथे पेस्ट करताना कंट्रोल + ऑल्ट + व्ही, मग व्ही, म्हणजे नुसतं मूल्य उतरतं.

वापरात घेण्याआधी किमानबाकी आणि तारखा बदलून चार गोष्टी पाहा: एकही थकबाकीदार नाही, सगळेच थकबाकीदार, एकाची रक्कम उणे दोन लाख, आणि नोंदीत मुद्दाम चुकीचा सदनिका क्रमांक. शेवटच्या वेळी तिसरी ओळ लाल झालीच पाहिजे. मग नमुन्याच्या नोंदी पुसून फाइल एक्सेल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा. टेम्प्लेट उघडलं की नवी प्रत मिळते, मूळ साचा तसाच राहतो. १ एप्रिलला त्यातून नवी फाइल काढायची, घर टेबलातले विंग आणि सदनिका हे रकाने चिकटवायचे, आणि मार्चअखेरच्या बाक्या ३१ मार्चच्या नोंदी म्हणून उतरवायच्या. एवढंच करताना एक तडजोड होते: जुनी बाकी सगळी ३१ मार्चची धरली जाते, त्यामुळे मेअखेरच्या अहवालापर्यंत ९० दिवसांवरचा रकाना रिकामा दिसतो. ते नको असेल तर एका घराची आरंभीची बाकी एका ओळीत न टाकता, न भरलेल्या बिलांच्या मूळ तारखांनी वेगवेगळ्या ओळींत टाका.